ज्यांच्याविषयी बोलतो, ते वर्गात नसतात



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५ आणि २० ते २२.

समाजकार्य, व्यवस्थापन, सार्वजनिक आरोग्य असे ऑनलाइन वर्ग आपल्यापैकी अनेकजण करतात. त्यात एखाद्या सेवाभावी संस्थेची केस स्टडी येते. चर्चेत बोलायला गुण असतात. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते : लाभार्थी किती? खर्च किती? हे मॉडेल दुसरीकडे चालेल का? पण ज्यांच्या आयुष्याविषयी हे सगळं चाललंय, ते स्क्रीनवरच्या एकाही चौकटीत नसतात. त्यांच्याविषयी कसं बोलावं? मला तरी हा धर्माचा प्रश्न वाटतो.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं जामखेड घ्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आधी प्रशिक्षित नर्स खेड्यात ठेवून पाहिल्या, ते जमलं नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या गेल्या. बऱ्याच निरक्षर, काही दलित वस्तीतल्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावी परतून बाळंतपणं करायच्या, मुलांची वजनं घ्यायच्या, स्वच्छ पाण्याचं महत्त्व सांगायच्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता श्लोक पाहूया. देश, काळ, पात्र पाहून, परतफेडीची आशा न धरता दिलेलं दान सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा जड मनाने दिलेलं राजस. अवेळी, अपात्री किंवा समोरच्याचा मान न राखता दिलेलं तामस. किती बारीक नजर आहे ही! वस्तू हातात पडली, पण मान गेला, तर ते दान तामसच. जामखेडमध्ये औषधासोबत विद्याही दिली गेली, आणि तीही ज्यांना समाज पात्रच समजत नव्हता त्यांना. याच जिल्ह्यात, नेवाशाला, १२९० मध्ये ज्ञानोबांनी गीता लोकांच्या बोलीत आणली. दोन्हीकडे विश्वास एकच : ज्ञान पेलायला समोरचा माणूस समर्थ आहे.

मग वर्गात कठीण प्रश्न विचारूच नयेत का? तसं नाही. देश, काळ, पात्र पाहा असं गीता सांगते, म्हणजे डोळे उघडे ठेवा असंच सांगते. संस्थेचा हिशेब विचारणं म्हणजे निंदा नव्हे. चांगलं काम आहे म्हणून प्रश्न गिळून टाकणं ही भक्तीही नव्हे. पंधराव्या श्लोकातलं वाणीचं तप इथे उपयोगी पडतं : बोलणं खरं असावं, हिताचं असावं, प्रिय असावं, कुणाला उद्विग्न न करणारं असावं. चारही एकत्र. नुसतं गोड बोलणं सोपं, नुसतं खरं बोलणंही सोपं. दोन्ही एकत्र साधायचं, म्हणूनच त्याला तप म्हटलंय.

आणि फक्त गुणांसाठी हात वर केला, तर? ते बोलणंही फळावर डोळा ठेवून दिलेल्या दानासारखंच झालं, नाही का?

आजची साधना : पुढच्या चर्चेत 'लाभार्थी' हा शब्द तोंडावर आला की क्षणभर थांबायचं. ती बाई आत्ता समोर बसून ऐकत असती, तर हेच वाक्य मी असंच म्हटलं असतं का? उत्तर 'हो' आलं, तर निर्धास्त बोला.

जय जय राम कृष्ण हरी.