शुश्रूषा करणाऱ्याचा थकवा

(शास्त्रभाग : १ राजे १९:३-९)

घरात कर्करोग्याचे अंथरूण पडले म्हणजे मंडळी रोग्यासाठी प्रार्थना करिते, व ते योग्यच आहे. परंतु त्याच्या उशाशी बसणाऱ्याचे नाव प्रार्थनेत क्वचितच येते. आज आम्ही त्याच्याविषयी बोलू इच्छितो.

अकोल्यास व नागपुरास आता उपचार होतात. तरी वऱ्हाडातील कित्येक कुटुंबे रोग्यास घेऊन मुंबईस, १९४१ साली उघडलेल्या टाटा रुग्णालयात जातात. खेपा महिनोगणती चालतात, आणि इकडे कापूस वेचणीवाचून राहतो. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा दादर येथे आहे. तीत अशा रोग्यांस व त्यांच्या सोबत्यांस आसरा मिळतो. बाबा आमच्या मंडळीचे नव्हते; पण सोबत्यासही निवारा लागतो हे त्यांच्या माणसांनी ओळखले, हे आम्ही मोकळ्या मनाने म्हणावे.

सोबत्याच्या अंतःकरणात काय चालते? पतीच्या तोंडास कर्करोग झाला आहे, पेजही गिळवत नाही, जखमेचा दर्प खोलीत भरला आहे, आणि पत्नी रात्रभर जागी आहे. पहाटे ती म्हणते, ‘प्रभो, आता यांना सोडीव.’ लागलीच तिला भय वाटते, की आपण पतीचे मरण मागितले! कधी ती त्याच्यावर रागावते, मग त्या रागाची लाज वाटून रडते. हे ती पाळकांस सांगत नाही. कारण कोणी तरी ओट्यावर बसून बोलून गेलेला असतो, की विश्वास उणा म्हणून रोग हटत नाही. ईयोबाचे मित्र निदान सात दिवस तरी गप्प बसले होते.

आता एलीयाकडे पाहा. कर्मेलावर ज्याच्या प्रार्थनेने अग्नी उतरला, तोच रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाने त्यास धमकाविले नाही, निजू दिले. मग दूताने त्यास स्पर्श करून उठविले, तो भाजलेली भाकर व पाणी उशाशी होते. तो जेवून पुन्हा निजला, तरी दूत रागावला नाही. त्याने त्यास दुसऱ्यांदा जेवावयास उठविले, कारण वाट लांबची होती. देवाने प्रश्न विचारला तो पुढे, होरेबास पोहोचल्यावर.

म्हणून उपदेशक बंधूंनो, अशा घरी लांब उपदेश नेऊ नका. ज्वारीची भाकर व वरण न्या. मंडळीतील स्त्रियांनी पाळीपाळीने एकेक रात्र रोग्यापाशी बसावे, म्हणजे त्या भगिनीस झोप मिळेल. वेदना वाढल्यास डॉक्टरांस विचारून औषध आणावे. वेदना शमविणारे औषध घेणे म्हणजे विश्वास सोडणे नव्हे. आणि तिने ती पहाटेची प्रार्थना तुम्हांस सांगितलीच, तर दचकू नका. तिला हा एलीयाचा अध्याय वाचून दाखवा, आणि ऐकता ऐकता तिचा डोळा लागला तर वाचन तेथेच थांबवा.