उतरत्या वयाचा खेळाडू : ठेवावा की द्यावा?



१९७७ साली मकाबी तेल अवीवने युरोपचा करंडक जिंकला, तेव्हापासून बास्केटबॉलचे वेड आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ठाण मांडून बसले आहे. त्या वेडाबरोबर एक वादही आला, आणि तो जेवणाच्या ताटावर बापलेकांत अजून रंगतो. ज्या खेळाडूने उमेदीची सारी वर्षे एका संघाला दिली, त्याचे वय उतरू लागले की संघाने काय करावे? त्याला शेवटपर्यंत सांभाळावे, की बाजारात त्याची किंमत आहे तोवर दुसऱ्या संघास देऊन मोबदला पदरात पाडून घ्यावा? प्रश्न खेळाचा दिसतो खरा, पण त्याच्या पोटात उपकाराच्या फेडीचा प्रश्न दडलेला आहे.

उदाहरणादाखल अमेरिकेतील बोस्टन सेल्टिक्स या संघाचे घेऊ. पॉल पिअर्स १९९८ पासून १५ हंगाम या संघातून खेळला. २००६-०७ च्या हंगामात संघाने ८२ पैकी जेमतेम २४ सामने जिंकले, ते दिवसही त्याने याच संघात काढले. २००८ साली संघ अजिंक्य ठरला आणि अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू तोच होता. २०१३ च्या उन्हाळ्यात, त्याच्या वयाच्या ३५ व्या वर्षी, क्लबने त्याला ३७ वर्षांच्या केव्हिन गार्नेटसह ब्रुकलिन नेट्सला देऊन टाकले. बदल्यात मुख्यतः मिळाले ते नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील ब्रुकलिनचे पुढल्या काही वर्षांचे हक्क. म्हणजे हाडामांसाचा माणूस दिला आणि अद्याप शाळेत असलेल्या मुलांवरचा हक्क घेतला!

हा व्यवहार करणारे डॅनी एन्ज स्वतः बोस्टनचे जुने खेळाडू, आणि १९८९ साली क्लबने त्यांनाही असेच सॅक्रामेंटोला धाडले होते. त्या काळी लॅरी बर्ड व केव्हिन मॅकहेल यांची पाठ, टाचा, पाय सारेच कुरकुरू लागले होते. तरी क्लबचे सर्वेसर्वा रेड आवरबाख यांनी त्या दोघांना दूर केले नाही. दोघेही बोस्टनचेच खेळाडू म्हणून निवृत्त झाले. १९८६ नंतरचे अजिंक्यपद मात्र थेट २००८ साली, २२ वर्षांनी आले. आपण असतो तर त्यांना वेळीच दिले असते, असे एन्ज यांनी पुढे उघडपणे सांगितले आहे. त्यांचा धडा कुठून आला हे यावरून कळते.

ब्रुकलिनकडून आलेल्या हक्कांतूनच पुढे जेलन ब्राऊन व जेसन टेटम बोस्टनला मिळाले आणि २०२४ साली संघ पुन्हा अजिंक्य झाला. त्यावर बोट ठेवून लोक म्हणतात, बघा, एन्ज यांचेच खरे ठरले. आम्हास हा युक्तिवाद पटत नाही. ब्रुकलिनचा संघ कोसळला म्हणून ते हक्क मौल्यवान ठरले. तो जिंकत राहिला असता तर बोस्टनच्या हाती रद्दीच आली असती. २०१३ साली ब्रुकलिनवालेही आपण बाजी मारली अशाच समजुतीत होते. निकाल चांगला लागला एवढ्याने आधीचे कृत्य न्याय्य ठरत असेल, तर जुगारात जिंकलेला प्रत्येक जण पुण्यवान म्हणावा लागेल.

मग आवरबाख बरोबर होते काय? तसेही सरळ म्हणवत नाही. २०१३ च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसच्या लेकर्सनी कोबी ब्रायंटशी, तो टाचेच्या दुखापतीतून सावरत असतानाच, दोन वर्षांचा ४ कोटी ८५ लाख डॉलरचा करार केला. जुन्या सेवेची ती जाण होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये आपल्या अखेरच्या सामन्यात त्याने ६० गुण केले आणि प्रेक्षक धन्य झाले. पण त्या हंगामात संघ ६५ सामने हरला होता, आणि त्या हरणाऱ्या संघातील विशीतल्या पोरांचीही उमेदीचीच वर्षे जात होती. एकाची फेड दुसऱ्याच्या खिशातून करणे हे औदार्य नव्हे. शिवाय घरी ठेवून घेणे म्हणजे मान राखणेच, असेही नाही. २०१४ च्या मे महिन्यात टोरोंटोविरुद्धच्या सातव्या सामन्यात शेवटच्या क्षणी प्रतिस्पर्ध्याचा फटका अडवून पिअर्सनेच ब्रुकलिनला एका गुणाने जिंकून दिले. बोस्टनचा संघ त्या वर्षी त्या फेरीपर्यंत पोहोचलाही नव्हता.

तेव्हा द्यावे की ठेवावे यापेक्षा, कसे द्यावे, इथे आमचे लक्ष अडते. गार्नेटच्या करारात असे कलम होते की त्याच्या संमतीवाचून त्याला कोठेही धाडता येणार नाही. त्याला विचारावे लागले, आणि तो कबूल झाला. १५ वर्षे दिलेल्या पिअर्सच्या करारात ते कलम नव्हते. त्याला विचारणे हे केवळ सौजन्य, बंधन नव्हे. कोकणात आपल्या शनिवार-तेली पूर्वजांच्या घाण्याचा बैल थकला की त्याचे काय करायचे हे धनी ठरवी. बैलाला विचारण्याची सोयच नव्हती. माणसाला विचारता येते. बेसबॉलचा कर्ट फ्लड याच मुद्द्यावर अडून बसला. सेंट लुईसने १२ हंगामांनंतर १९६९ साली त्याला परस्पर फिलाडेल्फियाला दिले, तेव्हा आपण कोणाची मालमत्ता नाही असे सांगून त्याने जाण्यास नकार दिला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो हरला, आणि त्याची कारकीर्दही त्या पायी संपली.

यावर क्लबचे कैवारी म्हणतील की, प्रत्येक म्हाताऱ्या खेळाडूची परवानगी घेत बसलो तर धंदा चालेल कसा? तर चालतो. १९७३ पासून बेसबॉलमध्ये नियमच आहे की, १० वर्षे खेळलेला आणि त्यातली शेवटची ५ एकाच संघात काढलेला खेळाडू आपली रवानगी नाकारू शकतो. अर्धे शतक लोटले, बेसबॉलचे क्लब काही बुडाले नाहीत. बास्केटबॉलमध्ये मात्र ८ वर्षे खेळून व ४ वर्षे त्याच संघात राहूनही हा हक्क आपोआप मिळत नाही. तो घासाघीस करून करारात लिहून घ्यावा लागतो, आणि फारच थोड्यांना मिळतो. खेळाडूंच्या संघटनेने पुढच्या वाटाघाटीत इतर गोष्टींआधी एवढे एक कलम मागून घ्यावे, असे आमचे नम्र मत आहे. वाचकांपैकी कोणास वेगळे वाटत असल्यास त्यांनी आम्हास अवश्य लिहावे.