अंतःकरणाची वाढ आणि ‘लग्नगडी’

‘अंतःकरणाची वाढ’ हा शब्दप्रयोग आपल्या समीक्षेत बहुधा विशेषणासारखा वावरतो. संकल्पना म्हणून त्याची तपासणी क्वचितच होते. नायक प्रेम करतो, दुखावला जातो, गमावतो आणि या साऱ्यातून प्रगल्भ होतो, अशी मांडणी आपण इतक्या सहजपणे करतो की त्या प्रगल्भतेसाठी माणसाच्या हाताशी आधी काय असावे लागते, हा प्रश्नच उपस्थित होत नाही. प्रेम करणारा माणूस स्वतःचा स्वामी आहे, त्याला स्वतःला देऊ करण्याचा अधिकार आहे, हे आपण गृहीत धरून चालतो. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी करावयाची आहे.

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधील यमूच्या मनाची वाढ आठवून पाहावी. पतीचा सहवास, वाचन, संवाद यांतून ती घडते, हे सर्वमान्य आहे. परंतु ही वाढ खऱ्या अर्थाने बहरते ती एकत्र कुटुंबाच्या नजरेआडच्या मुंबईतील बिऱ्हाडात, ही गोष्ट वास्तूच्या तपशिलापेक्षा अधिक मोलाची आहे. दोन माणसांना एकमेकांशी बोलण्यापुरती जागा मिळाली, म्हणून तेथे हृदयाला इतिहास मिळाला. खांडेकरांच्या ‘ययाति’मध्ये (१९५९) उपभोगाला राज्याची मोकळीक आहे, नेमाड्यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंगाला घरच्या पैशावर पुण्यात वाया जाण्याची मोकळीक आहे. या कृतींच्या थोरवीला यामुळे बाध येतो असे नाही. मात्र वाया घालवण्यासाठीही आयुष्य आधी स्वतःचे असावे लागते.

आता नवापूरच्या किनाऱ्यावरून बोईसर ओलांडून पूर्वेकडे आणि उत्तरेकडे, पालघर-डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांकडे वळावे. समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधील या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘लग्नगडी’ नावाची एक संस्था अस्तित्वात होती. वारली तरुणाने लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यावे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबावे, असा तो व्यवहार. व्यवहारात ते फिटत नसे. बायकोचे श्रमही त्याच कर्जात ओढले जात, आणि अनेकदा तिच्या शरीरावरही जमीनदार आपला हक्क मानीत असे. १९३० नंतरच्या दशकाअखेर मुंबई सरकारसाठी सिमिंग्टन यांनी केलेल्या अहवालात या दास्याची नोंद आहे. मराठी वाचकाला मात्र ते प्रामुख्याने कळले गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून.

‘लग्नगडी’ हा शब्दच विचारात पाडणारा आहे. गडी म्हणजे राबणारा. ज्या क्षणी माणूस दुसऱ्या माणसाशी आपले आयुष्य जोडतो, त्याच क्षणी ते तिसऱ्याच्या मालकीचे होते, ही विसंगती या एका समासात दडलेली आहे. आपल्या कादंबरीत लग्न हे बहुधा परिणतीचे किंवा भ्रमनिरासाचे स्थळ असते. येथे ते मनुष्य गहाण पडण्याचे स्थळ आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. कर्जच जर दास्याचे मूळ होते, तर लग्नविधीवाचून राहता आले नसते काय? या आक्षेपाचे उत्तर वारल्यांच्या रीतीतच सापडते. विधीचा खर्च परवडत नाही म्हणून स्त्री-पुरुषांनी एकत्र संसार सुरू करावा, मुले व्हावीत आणि लग्न पुढे कधीतरी, ऐपत आल्यावर लावावे, ही गोष्ट या समाजाला परकी नव्हती. म्हणजे एकमेकांना स्वीकारण्यासाठी कर्जाची गरज नव्हती. कर्ज लागत होते ते त्या स्वीकाराला समाजाची आणि देवांची साक्ष मिळावी म्हणून. गावाने जेवावे, धवलेरीने गावे, भिंतीवर पालघट देवीचा चौक उमटावा म्हणून. जमीनदाराचा फास आवळला तो कामनेभोवती नव्हे, तर त्या मान्यतेच्या ओढीभोवती. प्रेम ही दोघांपुरती खाजगी बाब आहे, असे मानणाऱ्या आधुनिक वाचकाला ही ओढ भाबडी वाटेल. मला ती भाबडी वाटत नाही. आपल्या प्रेमाला साक्षीदार असावा ही इच्छा हृदयाच्या वाढीचाच एक टप्पा आहे. कवितेचा जन्मही बऱ्याच अंशी तिच्यातून होतो. नेमक्या याच, माणसातील सर्वांत सामाजिक अशा भावनेवर येथे व्याज आकारले गेले.

म्हणूनच परुळेकरांच्या पुस्तकाविषयी पूर्ण आदर राखून त्याच्या शीर्षकाबाबत थोडा संकोच वाटतो. जागे होण्याचे रूपक आधीची अवस्था निद्रेची होती असे सुचवते. १९४५ साली, टिटवाळ्याच्या किसान परिषदेनंतर आणि झरी येथील सभेनंतर, वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीपण नाकारले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि माणसे मेली. राजकीय अर्थाने ही जागृती होती यात शंका नाही. पण ज्या माणसाने विधीवाचून वर्षानुवर्षे एका स्त्रीशी संसार केला आणि तिला गावासमोर आपली म्हणता यावे म्हणून स्वतःला गहाण टाकले, त्याचे अंतःकरण निजलेले होते असे कोणत्या मापाने म्हणायचे? भीती आणि निद्रा या दोन भिन्न अवस्था आहेत. वारली भ्यालेला होता, आणि त्याला भिण्याची कारणे होती.

शीर्षकातील ‘माणूस’ हा एकवचनी शब्द दुसऱ्या बाजूनेही वाचता येतो. कायद्याची पदवी घेऊन, पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित वातावरणातून पाड्यांवर गेलेली निवेदिकाही या पुस्तकात घडत जाते. ज्यांच्यासोबत तिने हे काम केले ते तिचे पती शामराव परुळेकर १९६५ साली स्थानबद्धतेत असताना निवर्तले. पुस्तक त्यानंतर पाच वर्षांनी आले. सहजीवनाच्या इतिहासाचे हे लेखन एका विधवेचे आहे, हे ध्यानात घेतले तर त्यातील संयम निराळा दिसू लागतो. स्वतःच्या शोकाला तिने पुस्तकाचे केंद्र केले नाही. आत्मपरतेलाच आत्मचरित्राची कसोटी मानणाऱ्या समीक्षेला हा संयम उणीव वाटण्याची शक्यता आहे.

याच पट्ट्यातील दुसरे उदाहरण अनुताई वाघ यांचे. तेराव्या वर्षी विवाह, काही महिन्यांतच वैधव्य. समाजाने ‘हृदयाचे प्रकरण’ तेथेच मिटवून टाकले. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांसोबत बोर्डीला, पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आणि १९७३ साली ताराबाई गेल्यानंतर १९९२ मधील स्वतःच्या मृत्यूपर्यंत त्यांनी आदिवासी बालशिक्षणाचे काम केले. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येत नाही, तर शाळेनेच कुरणात जावे, या विचारातून निघालेली कुरणशाळा ही तेथलीच कल्पना. अशा जीवनांचा अर्थ लावताना आपण ‘उन्नयन’ ही संज्ञा हमखास वापरतो: वंचित प्रेम सेवेत रूपांतरित झाले, असे म्हणतो. ही मीमांसा सोयीची आहे, म्हणूनच संशयास्पद आहे. दांपत्यप्रेम हे मूळ चलन आणि बाकी सारे त्याचे रोखीकरण, असा हिशेब तिच्यामागे असतो. शिवाय पुरुष कार्यकर्त्याच्या ध्येयनिष्ठेला आपण क्वचितच ‘भरपाई’ म्हणतो. शेंबड्या, भेदरलेल्या मुलाला रोज हाताला धरून नाव विचारण्यातून जे घडते ते दुसऱ्या कशाची जागा भरण्यासाठी घडते असे मानण्याचे कारण नाही. ती स्वतंत्र वाढ आहे आणि तिची भाषा आपण अद्याप तयार केलेली नाही.

वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. त्यानंतरही वीटभट्टीवर जाण्यापूर्वी घेतलेली ‘उचल’ घरातल्या लग्नात खर्ची पडल्याची उदाहरणे ठाणे-पालघरला अपरिचित नाहीत. समीक्षकाच्या दृष्टीने याहून बिकट गोष्ट अशी की लग्नगड्याचे स्वतःचे कथन आपल्यापाशी नाही. आहे ते त्याच्याविषयी इतरांनी लिहिलेले.

अर्थात, ‘लिहिणे’ म्हणजे काय यावर हे अवलंबून आहे. वारली स्त्रिया चौक काढत नाहीत, ‘लिहितात’. कर्ज काढून लागलेल्या प्रत्येक लग्नात, म्हणजे, दोन लेखने झाली: एक जमीनदाराच्या हिशेबात, दुसरे तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर, सवाशिणींच्या हातून. पहिले आपण सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून वाचतो, दुसरे लोककलेचा नमुना म्हणून चौकटीत बसवतो. एकाच दिवशी, एकाच जोडप्यासाठी झालेली ही दोन लेखने एकत्र ठेवून वाचण्याचे काम अजून कोणत्याही विद्याशाखेने आपले मानलेले दिसत नाही.