पदत्याग आणि सदसद्विवेक

मंत्र्यानें राजीनामा केव्हां द्यावा, हा प्रश्न वरवर पाहतां राजकारणाचा. वस्तुतः तो नीतीचा आहे. ब्रिटिश मंत्रिमंडळाचा दंडक असा कीं, आंत कितीही वाद घाला, बाहेर मत एकच. तें पेलत नसेल तर पद सोडा.

१९१४ च्या ऑगस्टांत युद्धप्रवेश न पटल्यामुळें लॉर्ड मोर्ले बाहेर पडले. १९०९ च्या सुधारणांमुळें आपणांस परिचित असलेले हेच ते मोर्ले. तडजोडीच्या मर्यादांवर त्यांनीं १८७४ मध्यें ‘ऑन कॉम्प्रमाइज’ हा ग्रंथ लिहिला होता. चाळीस वर्षांनीं त्याचीच परीक्षा त्यांना द्यावी लागली. त्यांचे हात स्वच्छ राहिले. युद्ध मात्र थांबलें नाहीं.

२००३ मध्यें इराकवरील स्वारीपूर्वीं रॉबिन कुक यांनीं पद सोडलें. क्लेअर शॉर्ट राहिल्या. युद्धोत्तर पुनर्रचनेंत आपला उपयोग होईल असें त्यांना वाटलें. मे महिन्यांत त्याही निराश होऊन बाहेर पडल्या. त्यांच्या राहण्याला ढोंग म्हणणें अन्यायाचें होईल. एखाद्या संस्थेंत असाच विचार करून आपणांपैकीं कोण राहिलेला नाहीं?

परंतु ‘राहून थोडें तरी भलें करीन’ या युक्तिवादाला स्वतःचा अंत नसतो. प्रत्येक नव्या अन्यायाबरोबर तो पुन्हां ताजा होतो. म्हणून राहणाऱ्यानें, ‘येथपर्यंत, पुढें नाहीं’ ही रेषा आधींच, मन शांत असतांना, आंखून ठेवावी. वेळ आल्यावर आंखूं म्हणणाऱ्याच्या हातीं ती रेषा सहसा सरकतच जाते.