पुन्हा परीक्षेला बसणे: आसक्ती की पुरुषार्थ?

हिंगणघाटच्या एखाद्या घरात सीईटीचा किंवा कॅटचा निकाल लागतो, पर्सेंटाईल अपेक्षेपेक्षा बरेच खाली येते आणि त्याच संध्याकाळी दोन म्हणी समोरासमोर उभ्या राहतात. आजी म्हणते, "आता पुन्हा कायले बसतं बाप्पा? पदरी पडलं अन् पवित्र झालं." वडील म्हणतात, "प्रयत्नांती परमेश्वर." दोघेही मनापासून बोलतात आणि दोघांच्याही मागे जुनी शिकवण आहे. एक समाधान शिकवते, दुसरी पुरुषार्थ. एमबीएचे स्वप्न पाहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला यातून खरा पेच पडतो. मिळाले त्यात समाधान न मानता पुन्हा बसणे ही फळाची हाव म्हणायची, की अर्धवट राहिलेले काम पुरे करणे?

हा पेच फक्त करिअरचा नाही. तो धर्मविचाराचा आहे, आणि वर्धा जिल्ह्याइतकी त्याची जिवंत उत्तरे फार थोड्या ठिकाणी सापडतील.

आधी परीक्षा काय मोजते ते पाहू. २०२४ ची कॅट २४ नोव्हेंबरला झाली. सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार बसले होते. १२० मिनिटांत ६८ प्रश्न, बरोबर उत्तराला तीन गुण, बहुपर्यायी प्रश्न चुकला तर एक गुण वजा. म्हणजे एकाच प्रश्नाच्या बरोबर आणि चूक उत्तरात चार गुणांचे अंतर. ९५ पर्सेंटाईल मिळवणाऱ्याच्या पुढे तरीही साधारण साडेचौदा हजार जण असतात. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत. त्या दिवशी, त्या गर्दीत तुम्ही कुठे उभे होतात एवढेच ते सांगते. राज्याची एमबीए सीईटी आणखी वेगळी: १५० मिनिटांत २०० प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. तिथे वेगाची कसोटी लागते, कॅटमध्ये निवडीची. एकीत मागे पडलेला मुलगा दुसरीत पुढे जाऊ शकतो, कारण दोन्ही परीक्षा एकच गोष्ट मोजत नाहीत.

मोजणारी यंत्रणाही कधी चुकते. २००९ मध्ये कॅट पहिल्यांदा संगणकावर झाली, तेव्हा काही केंद्रांवर यंत्रणाच कोलमडली आणि बाधित उमेदवारांसाठी जानेवारी २०१० मध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. आता २०२६-२७ च्या प्रवेशांसाठी राज्याने एमबीए सीईटी दोनदा घेण्याचे जाहीर केले. पहिली सर्वांसाठी, दुसरी ऐच्छिक आणि दोन्हींतला चांगला निकाल ग्राह्य. एका दिवसाचे माप अंतिम मानू नये, ही समज या निर्णयामागे आहे.

पुन्हा बसलेल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट वर्धा जिल्ह्याला सांगायलाच हवी, कारण उतारवयात तो सेवाग्रामला येऊन राहिला. बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेलेल्या मोहनदास गांधींनी तिथली मॅट्रिक द्यायचे ठरवले. लॅटिन आणि एक आधुनिक भाषा सक्तीची. पहिल्या वेळी ते लॅटिनमध्ये नापास झाले. वाईट वाटले, पण धीर सुटला नाही, हे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिले आहे. तीच तयारी त्यांनी पुन्हा उगाळली नाही. प्रयोगाशिवाय रसायनशास्त्रात मन रमत नव्हते, म्हणून विज्ञानातला तो विषय सोडून त्यांनी उष्णता आणि प्रकाश हा विषय घेतला. राहणीही बदलली. दोन खोल्या सोडून एका खोलीत बिऱ्हाड, सकाळी स्टोव्हवर शिजवलेली ओट्सची पेज आणि कोको, संध्याकाळी पाव आणि कोको. खर्च उतरला, वेळ वाचला, मन थाऱ्यावर आले. १८९० मध्ये ते पास झाले.

या गोष्टीत जिद्दीपेक्षा मोलाचे काही आहे. नापास होण्याने गांधींना आपली तयारी तपासायला लावले आणि तपासणीतून त्यांनी विषय, खर्च, दिनक्रम असे सगळे बदलले. दुसरा प्रयत्न हा पहिल्याचा हट्टी पुनरुच्चार नव्हता.

गीतेच्या अठराव्या अध्यायात हीच तपासणी पद्धतशीर सांगितली आहे. कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. परीक्षेच्या निकालाला ही पाच कारणे लावून पाहावीत. अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आधारावर कर्म घडते ते शरीर. आदल्या रात्री झोप झाली होती का? पहाटे उठून पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपुरातले केंद्र गाठताना अंगातले बळ तिथेच संपले का? कर्ता म्हणजे परीक्षा देणारा: त्याला ही वाट खरेच हवी होती, की मित्रांनी फॉर्म भरला म्हणून त्यानेही भरला? करण म्हणजे साधने: मॉक किती दिले, त्यापेक्षा त्यांतल्या चुका किती वेळा पुन्हा सोडवून पाहिल्या? चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष हालचाली: न सुटणाऱ्या एका गणिताला आठ मिनिटे चिकटून बसणे ही चेष्टेतली चूक आहे, बुद्धीतली नव्हे. या चार जागा तपासून झाल्यावर मगच दैवाचे नाव घ्यायचे. त्या सत्राचा पेपर, त्या केंद्रावरचा संगणक, ऐन वेळी चढलेला ताप. दैव यादीत आहे, पण पाचवे आहे.

आपल्याकडे बहुतेक वेळा पाचव्यापासूनच सुरुवात होते. नाहीतर दुसऱ्या टोकाला जाऊन "मीच नालायक" असा निवाडा दिला जातो. त्याच ठिकाणी गीता पुढे बजावते की पाच कारणे असताना केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला खरे दिसतच नाही. हा इशारा यशाने फुगलेल्यांसाठी आहे असे आपण मानतो. अपयशाने खचलेल्यालाही तो तितकाच लागू आहे. सगळे श्रेय माझे म्हणणे आणि सगळा दोष माझा म्हणणे, या दोन्हींच्या तळाशी एकच गैरसमज असतो.

फळाची आशा धरू नये म्हणजे निकालाकडे पाहू नये, असाही अर्थ काढला जातो. तो टिकत नाही. त्याच अध्यायातला सात्त्विक कर्ता यशापयशाने डळमळत नाही, पण त्याच्याकडे धृती आणि उत्साह असावा लागतो. उत्साह नसलेली अनासक्ती म्हणजे गीतेच्याच भाषेत तामसीपणा. सहाव्या अध्यायात अर्जुन साधनेच्या वाटेवरून मध्येच ढळलेल्या माणसाचे काय होते असे काळजीने विचारतो, तेव्हा मिळणारा दिलासाही हाच आहे की केलेले वाया जात नाही, जिथे राहिले तिथून पुढे सुरू होते. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. 'गीता प्रवचने' या नावाने ती महाराष्ट्रातल्या घराघरांत गेली. पुढे विनोबांनी पवनारला धाम नदीकाठी आश्रम केला. हिंगणघाटच्या वाचकाला गीतेचा हा अर्थ शोधायला दूर जावे लागत नाही.

पण याच विनोबांचे चरित्र आजीची बाजूही भक्कम करते. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघालेला विनायक भावे सुरतला गाडीतून उतरला आणि काशीला गेला. त्याआधी त्याने आपली प्रमाणपत्रे आईदेखत चुलीत टाकली होती. परीक्षा सोडण्याचे याहून ठळक उदाहरण मराठी मुलखात नसेल. मग पुन्हा न बसणेही धर्म ठरू शकते का?

ठरू शकते. मात्र विनोबा गुण कमी पडले म्हणून उतरले नव्हते. त्यांना कुठे जायचे आहे ते कळले होते. परीक्षा सोडणाऱ्याने स्वतःला एवढेच विचारावे: गुण उत्तम आले असते तरी मी ही वाट सोडली असती का? उत्तर "हो" असेल तर तो त्याग आहे आणि घरच्यांनी त्याचा मान राखावा. उत्तर "नाही" असेल, तर समाधानाचे नाव घेऊन आपण दुखावलेल्या मनाला आडोसा देत आहोत. संतोष हा मोठा गुण आहे, पण तो प्रयत्नाच्या शेवटी शोभतो. प्रयत्न टाळण्यासाठी त्याला पुढे करणे हा त्याचा अपमान आहे.

हिंगणघाटच्या मातीत आणखी एक माणूस आहे, ज्याचे सारे आयुष्य मोजण्यात गेले. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना आपटून निकामी झाला, तेव्हा त्याने तो स्वतः सहा आठवडे खपून दुरुस्त केला. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याचे निधन झाले. त्याची कबर इथेच आहे.

त्याचा वारस जॉर्ज एव्हरेस्टने मध्य भारतातल्या सिरोंजची आधाररेषा १८२४-२५ मध्ये जुन्या साखळीने मोजली होती. उन्हाने लोखंड वाढते, थंडीने आक्रसते आणि मापात खोट येते, हे त्याला छळत होते. म्हणून इंग्लंडहून लोखंड आणि पितळ या दोन धातूंच्या जोडपट्ट्या आणल्यावर त्याने १८३७-३८ मध्ये स्वतःचीच मोजणी पुन्हा केली. बीदरची रेषाही १८४१ मध्ये नव्या पट्ट्यांनी पुन्हा मोजली गेली. जुन्याच साखळीने दहा वेळा मोजले असते तरी तीच खोट दहा वेळा आली असती. आणि या सगळ्या काळात सिरोंजची जमीन होती तिथेच होती. पहिले माप चुकले म्हणून ती आखूड झाली नव्हती.

पुन्हा परीक्षेला बसणाऱ्याला यापेक्षा नेमका आधार मिळणे कठीण. पर्सेंटाईल हे माप आहे, माणूस नव्हे. ते पुन्हा घ्यायचे तर साधन बदलून घ्यावे.

काय बदलता येते आणि काय नाही, हे मात्र प्रामाणिकपणे पाहावे लागते. हिंगणघाटच्या शेतकऱ्याला ते शिकवायला नको. खरेदी केंद्रावर कापसात १२ टक्क्यांहून जास्त ओलावा निघाला तर गाडी परत येते. तोच कापूस अंगणात पसरून, उन्हात वाळवून पुन्हा नेता येतो. धाग्याची लांबी मात्र वाळवून वाढत नाही. ती बियाण्यात आणि शेतात ठरते. निकालातला ओलावा कोणता आणि धागा कोणता हे ओळखावे. वेळेचे गणित, न झालेला सराव, घाईने गमावलेले गुण हा ओलावा आहे. दोन-तीन प्रामाणिक प्रयत्नांनंतरही एखादा विभाग जिथल्या तिथे राहिला, तर दुसरी परीक्षा, दुसरी संस्था किंवा दुसरा अभ्यासक्रम निवडण्यात कमीपणा नाही.

ज्या जागेसाठी एवढी धडपड होते, तिच्या नावाचाही विचार व्हावा. सीईटीत वरच्या क्रमांकावर आलेल्यांना मुंबईची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था खुणावते. मुंबई विद्यापीठाने ती १९६५ मध्ये सुरू केली. जमनालालजी वर्ध्याचे. शालेय शिक्षण जेमतेम, तरी व्यापारात नाव कमावलेले. त्यांनी रायबहादुरकी सोडली आणि १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केले. ही कर्तबगारी कुठल्या प्रवेशपरीक्षेत दिसली नसती. परीक्षा दार उघडते. आत गेल्यावर काय करायचे, हा पुढचा आणि मोठा प्रश्न.

शेवटची गोष्ट घरच्यांसाठी. दुसरा प्रयत्न फुकट होत नाही. शुल्क, क्लास, कधी ड्रॉपचे पूर्ण वर्ष. सोयाबीन आणि कापसाच्या भावावर चालणाऱ्या घरात हा भार खरा असतो आणि तो मुलांसमोर मोकळेपणाने मांडावा. पण हा हिशेब मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी वेगवेगळा होतो, तिथे अन्याय सुरू होतो. मुलाला "पुढच्या वर्षी काढशील" म्हणणारे घर मुलीला "एकदा झालं ना, आता स्थळं पाहू" म्हणते. आजीची समाधानाची म्हण बहुतेक वेळा तिच्याच वाट्याला येते. ज्या घराने मुलाला ड्रॉपचे वर्ष दिले, त्याने ते मुलीलाही द्यावे. निकालानंतर लगेच तिच्याकडे निर्णय मागू नये. पाच कारणांची यादी घेऊन तिच्याजवळ बसावे आणि ती "पुन्हा बसते" म्हणाली, तर तिचा फॉर्म त्याच आठवड्यात भरून द्यावा.