घरात आलेले काम

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि पुण्यात नोकरी करणारा माझा पुतण्या जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीस, आपल्या घरी परतला. ओसरीच्या कोपऱ्यात टेबल मांडून त्याने कचेरीचे काम सुरू केले. काही दिवसांनी वरिष्ठांचा हुकूम आला : कामाच्या वेळात संगणकाचा कॅमेरा सतत चालू असावा. त्या दिवसापासून वहिनी स्वतःच्याच ओसरीवरून पदर सावरून जाऊ लागल्या. संध्याकाळी जपमाळ सुरू झाली की फोन वाजे आणि पुतण्या मधूनच उठे.

मालकाची चिंता निराधार नसते. दाम मोजणाऱ्यास काम मिळालेच पाहिजे. परंतु जो डोळ्यांसमोर नाही, त्याच्यावर विश्वास टाकावा कसा?

याचे उत्तर मुंबईच्या गृहिणींनी पूर्वीच शोधले आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग आरंभिला. केंद्रातून मळलेले पीठ न्यावे, घरी पापड लाटून आणून द्यावेत, मजुरी घ्यावी, अशी ही रीत. पापडाची पारख काटेकोर असते. घराची स्वच्छताही पाहिली जाते. मात्र लाटताना कोणी डोक्यावर उभे राहत नाही, आणि प्रत्येक भगिनी संस्थेची मालकीण मानली जाते. साधन पुरवावे, माप आधी ठरवावे, फळ पारखावे. मधला वेळ माणसाच्या विवेकावर सोपवावा, हा त्यातील बोध.

तथापि केवळ माप पुरेसे नाही. घरी विड्या वळणाऱ्या सोलापूरच्या भगिनींची मजुरी हजार विड्यांवर ठरते. रात्र किती झाली, हे कोण मोजतो? घरून काम करणाऱ्यास इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये संमत केला, तो यासाठीच. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे, ही शिकवण पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात दिली आहे. नासरेथच्या घरातही श्रम होते. पण तेथे शब्बाथही पाळला जाई.

अखेर पुतण्याने धीर करून वरिष्ठांना कळविले : दिवसाचे काम संध्याकाळी तपासून घ्यावे, सातनंतर मात्र मी घरच्यांचा आहे. आठ दिवसांनी संमती आली. कॅमेरा बंद झाला. त्याची जबाबदारी मात्र वाढली, कारण आता दिलेला शब्द त्यालाच पाळायचा होता.

आपल्यापैकी कित्येकांच्या हाताखाली कोणी ना कोणी राबत असते. त्यांच्या उंबरठ्यापाशी आपला अधिकार थांबतो काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.