सावलीचा खेळ



गेल्या रविवारी सायंउपासनेपूर्वी मंदिराच्या अंगणात लहान मुले एकमेकांच्या सावलीवर पाय देण्याचा खेळ खेळत होती. दोन प्रहरी पायांशी लपणारी सावली दिवस कलताच भिंतीवर कशी चढते, हे एक चिमुरडी हात उंचावून पुनःपुन्हा पाहत होती. (हीही एक शाळाच!) इतक्यात एका वृद्ध बंधूंनी, "कोणाच्या अंगावर सावली पाडू नका!" म्हणून त्यांस दटाविले.

आम्हांस वाईट वाटले, पण त्यांचा राग आला नाही. पेशवाईत पुणे शहरात आमच्या महार-मांग पूर्वजांस दुपारी ३ नंतर व सकाळी ९ पूर्वी येण्याची बंदी होती, असे लिहून ठेविलेले आहे. कारण त्या वेळी सावली लांब पडते, आणि तिचा विटाळ मानीत. ते भय पिढ्यान्‌पिढ्या अंगी मुरले आहे.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ५ उघडून पाहा. यरुशलेमेत लोकांनी आपले रोगी रस्त्यावर आणून ठेविले, ते कशासाठी? पेत्राची, एका कोळ्याची, निदान सावली तरी त्यांजवर पडावी म्हणून! हे आम्ही त्या बंधूंस वाचून दाखविले. ते उगे राहिले. मग घंटा होईपर्यंत पायरीवर बसले. आणि त्या चिमुरडीची सावली त्यांच्या पागोट्यावर पडली, तरी ते हलले नाहीत.